बरं करायचं, ते कशासाठी?

महाभारत युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निकाष्ठं भक्षण करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. दिवस कलायला लागला आहे, जयद्रथ अजून लांब आहे आणि रथाचे घोडे बाणांनी विंधलेले, तहानेनं व्याकूळ झालेले. अशा ऐन घाईत श्रीकृष्ण रथ थांबवतो. अर्जुन जमिनीवर उतरून चहूकडून चालून येणाऱ्या सैन्याला एकटा थोपवून धरतो. बाणानं भूमी फोडून तळं निर्माण करतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. त्या आडोशाला कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगात रुतलेले बाण उपसतो, अंग चोळतो, त्यांना लोळू देतो, पाणी पाजतो, चारा घालतो. घोडे ताजेतवाने होतात. मग कृष्ण त्यांना पुन्हा रथाला जुंपतो.

द्रोणपर्वातल्या या प्रसंगात करुणा आहे आणि कामही आहे, आणि दोन्ही एकाच हातून घडतं. बाण उपसणारे हात खरे प्रेमळ आहेत, यात शंका नाही. तेच हात थोड्या वेळानं लगाम आवळतात, यातही शंका नाही. लष्करी पशुवैद्याच्या पेशातला धर्मप्रश्न इथेच उभा राहतो. ज्या संकटात जनावराला आपणच नेलं, त्याच संकटात पुन्हा पाठवण्यासाठी त्याला बरं करायचं, तर त्या उपचाराला दया म्हणायचं का?

हा प्रश्न पोथीतला नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींपुढे तो एका जाहिरातीच्या रूपानं येतो. भारतीय सेनेच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला आरव्हीसी म्हणतात त्या दलात, शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज मागवले जातात. साडेपाच वर्षांची बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही पदवी, वय २१ ते ३२, सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि निवड झाली की थेट कॅप्टनचा हुद्दा. आधी पाच वर्षं, पुढे आणखी पाच वर्षं वाढवता येतात. दलाचं केंद्र आणि महाविद्यालय मेरठ छावणीत आहे. हिसार आणि बाबूगढला घोड्यांची पैदास होते, सहारनपूर आणि हेमपूरला तयारी. नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला उंचावरच्या चौक्यांकडे रसद नेणारी खेचरं येतात, स्फोटकं हुंगून काढणारे आणि माग काढणारे श्वान येतात, जयपूरच्या ६१ व्या कॅव्हलरीसारख्या पलटणीचे घोडे येतात. जनावरांकडून माणसांत पसरणाऱ्या रोगांवर नजर ठेवणं हेही त्याचंच काम. दलाचं ब्रीद संस्कृतात आहे, त्याचा अर्थ: पशुसेवा हाच आमचा धर्म.

ब्रीद इतकं स्वच्छ असलं, की प्रश्न अधिकच टोकदार होतो.

भारतातल्या आधुनिक पशुवैद्यकीय शिक्षणाची सुरुवातच लष्करात झाली, आणि तीही महाराष्ट्रात. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. घोडदळाचे आणि तोफखान्याचे घोडे धडधाकट राहावेत, हा तिचा हेतू. मुंबईत मात्र याच विद्येचा झरा वेगळ्या डोंगरातून आला. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली. दोनच वर्षांत सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पुढे दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावानं जनावरांचं रुग्णालय झालं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पारशी आणि जैन दातृत्वाचं, भूतदयेचं हे घराणं. आज परळ, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळच्या वर्गात बसलेला विद्यार्थी या दोन्ही घराण्यांचा वारस आहे. एका घराण्यानं त्याला सांगितलं, जनावर कामाला उभं राहिलं पाहिजे. दुसऱ्यानं सांगितलं, जनावर कामाचं असो वा नसो, त्याच्या वेदनेला उत्तर दिलं पाहिजे.

दुसऱ्या घराण्याची सगळ्यात सुंदर कथा मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी खांद्यावर वाहून आणलेलं गंगाजल एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. नाथांना त्या गाढवाकडून काही नको होतं. त्याच्या पाठीवर गोणी लादायची नव्हती, ते कुणाच्या मालकीचं आहे हेही विचारायचं नव्हतं. तहान दिसली, पाणी दिलं. लष्करी पशुवैद्याला हे सुख नाही. त्यानं ज्याला पाणी पाजलं, त्याच्या पाठीवर उद्या पहाटे ओझं चढणार आहे आणि ते चढवता येईल की नाही, हे त्यालाच सांगायचं आहे.

या पेचाची व्याप्ती पहिल्या महायुद्धात जगानं पाहिली. त्या युद्धात सगळ्या बाजूंचे मिळून सुमारे ८० लाख घोडे, खेचरं आणि गाढवं मेली, असा अंदाज आहे. ब्रिटिश पशुवैद्यकीय रुग्णालयांनी दाखल झालेल्या जनावरांपैकी सुमारे ८० टक्के पुन्हा कामावर पाठवली. वैद्यकीय दृष्टीनं हा मोठा पराक्रम होता. युद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, ब्रिटिश सेनेच्या पशुवैद्यकीय दलाला ‘रॉयल’ हे बिरुद मिळालं. पण ‘कामावर’ म्हणजे पुन्हा त्याच चिखलात, त्याच तोफांच्या माऱ्याखाली. बरा झालेला घोडा मरणाच्या पुन्हा एकदा जवळ गेला, आणि त्याला तिथवर चालत जाता यावं यासाठी एका सुशिक्षित, कनवाळू माणसानं रात्री जागवल्या होत्या. लंडनच्या हाईड पार्कजवळ २००४ मध्ये युद्धात राबलेल्या जनावरांचं स्मारक उभारलं गेलं. त्यावर कोरलं आहे, की त्यांना निवड करायची मुभा नव्हती.

सगळा वाद या मुभेपाशी येऊन थांबतो. सैनिकानं सही केलेली असते. ती गरिबीनं करवली असेल, घराण्याच्या परंपरेनं करवली असेल, तरी ती त्याची असते. खेचराची सही कुठेच नसते. श्वानाचं तर आणखी अवघड. त्याचं प्रशिक्षण खेळातून होतं. वास बरोबर सापडला की चेंडू मिळतो, हँडलरची शाबासकी मिळते. श्वान ते काम आनंदानं करतो, शेपूट हलवत करतो. पण जमिनीखाली काय पुरलंय, बंद खोलीत कोण दबा धरून बसलंय आणि त्याच्या हातात काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ज्याला धोका कळतच नाही, त्याच्या उत्साहाला संमती समजणं ही आपली सोय आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या तांगपावा इथे ‘झूम’ नावाच्या बेल्जियन मॅलिनॉइस श्वानाला अतिरेकी लपलेल्या घरात पाठवण्यात आलं. तो दोन वर्षांचा होता. त्याला दोन गोळ्या लागल्या, तरी त्यानं काम सोडलं नाही. श्रीनगरच्या ५४ ॲडव्हान्स फील्ड व्हेटर्नरी हॉस्पिटलमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. मोडलेल्या मागच्या पायाला प्लास्टर घातलं, चेहऱ्यावरच्या जखमा साफ केल्या. तो प्रतिसाद देत होता, डॉक्टरांना आशा वाटत होती. १३ ऑक्टोबरला दुपारच्या सुमारास त्याला धाप लागली आणि तो गेला. त्याच्या आधी २०१५ मध्ये तंगधार भागात ‘मानसी’ नावाची लॅब्रेडोर आपला हँडलर बशीर अहमद वार याच्यासह घुसखोरांशी झालेल्या चकमकीत मारली गेली. सेनेनं तिचं नाव ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’मध्ये नोंदवलं. असा मान मिळालेली ती पहिली श्वान मानली जाते.

तिरंग्यात गुंडाळलेला श्वान, त्याला सलामी देणारे अधिकारी, डोळे पुसणारा हँडलर. हे दुःख अस्सल असतं, त्याची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. तरीही नीतीच्या अंगानं एक गोष्ट बोलायला हवी. मरण समोर दिसत असताना पुढे जाणं, याला आपण शौर्य म्हणतो. झूमला मरण दिसत होतं का? नसेल, तर तो वीर होता असं म्हणून आपण त्याच्या मरणाची जबाबदारी त्याच्याच गळ्यात घालतो. वीर स्वतःच्या निर्णयानं मरतो. झूम आपल्या निर्णयानं मेला. त्याच्या बदल्यात काही जवान जिवंत घरी गेले, आणि त्या जवानांच्या घरच्यांना विचारलं तर हा सौदा योग्यच वाटेल. वाटायलाही हवा. मात्र सौदा आपण केला, त्यानं नव्हे, एवढं कबूल केल्याशिवाय पुढचं कुठलंच कर्तव्य नीट दिसत नाही.

युद्धाच्या कायद्यालाही हे जनावर आणि त्याचा वैद्य नेमके कुठे बसवायचे ते उमगलेलं नाही. माणसांच्या डॉक्टरला रेडक्रॉसचं संरक्षण आहे. तो शत्रूच्या जखमी सैनिकावरही उपचार करतो आणि त्याच्यावर गोळी झाडणं हा गुन्हा ठरतो. पशुवैद्याला असं स्वतंत्र कवच नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातल्या २२ व्या कलमात पशुवैद्यकीय सेवेचा उल्लेख येतो, पण तो असा: वैद्यकीय पथकात पशुवैद्यकीय सेवेची माणसं किंवा सामान आढळलं, तरी तेवढ्यावरून त्या पथकाचं संरक्षण जात नाही. म्हणजे पशुवैद्य तिथे सापडला तर चालेल, एवढंच. जनावर युद्धसामग्रीत मोडतं आणि त्याला बरं करणारा सामग्री दुरुस्त करणाऱ्यांत. करुणेच्या बाजूनं उभं राहायचं आणि गणना मात्र शस्त्रांच्या बाजूला व्हायची, अशी ही जागा आहे.

मग अहिंसेवर मनापासून श्रद्धा असलेल्या विद्यार्थ्यानं या वाटेला जाऊच नये का? जैन घरातली एखादी मुलगी किंवा वारकरी घरातला एखादा मुलगा असं म्हणू शकतो, की युद्धयंत्राला तेल घालणं मला जमणार नाही. त्या नकाराचा आदरच केला पाहिजे. पण तो नकार पुरेसा आहे असं मानता येत नाही. आपण गेलो नाही म्हणून खेचरं डोंगर चढायची थांबत नाहीत. उंचावरच्या थंडीत एखाद्या खेचराला पोटशूळ उठला, तर तिथे त्याच्यासाठी नकार देणारा विद्यार्थी नसतो. असतो तो गेलेला पशुवैद्य.

अर्थात, ‘मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करेलच’ ही पळवाट जगातल्या प्रत्येक वाईट कामात वापरली गेली आहे. म्हणून तेवढ्यावर थांबून चालत नाही. सेनेत जाणं नीतीला धरून ठरतं, ते पशुवैद्य तिथे जनावराचा वकील म्हणून उभा राहणार असेल तरच. त्या संपूर्ण यंत्रणेत जनावराच्या वतीनं बोलण्याचं शिक्षण आणि अधिकार फक्त त्याच्याकडे आहे. हँडलरचा जीव श्वानावर असतो, पण हुकूम त्याला पाळायचा असतो. कमांडिंग ऑफिसरला मोहीम पार पाडायची असते. ‘हे जनावर आज जाणार नाही’ हे वाक्य वैद्यकीय आधारानं उच्चारू शकणारा माणूस एकच.

ते वाक्य कसं तयार होतं, हे एखाद्या खेचराच्या सकाळच्या तपासणीत दिसतं. चारही खूर एकेक करून उचलायचे. नाल सैल आहे का, खुराच्या मधल्या मऊ भागात खडा घुसलाय का, खूर हाताला गरम लागतो का ते बघायचं. मग पाठीवरून, जिथे खोगीर टेकतं तिथे, तळहात सावकाश फिरवायचा. केस उडालेली रुपयाएवढी जागा, किंचित सूज, हात पडताच कातडीचं थरथरणं, एवढ्याशा खुणेवरून समजतं की ओझं नीट बसत नाही आणि अजून दोन फेऱ्या झाल्या तर तिथे जखम होईल. खेचर तक्रार करत नाही. ते चालत राहतं, जखम चिघळेपर्यंत चालत राहतं. म्हणून त्याची तक्रार दुसऱ्या कुणीतरी आधी वाचावी लागते आणि कागदावर लिहावी लागते. पहाटेच्या थंडीत, ओझ्यासाठी खेचरं कमी पडत असताना ‘अनफिट’ असं लिहिणं, हा या पेशातला रोजचा धर्माचरणाचा क्षण.

जबाबदारीचा हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. कौटिल्यानं अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे, की उपचाराच्या चुकीमुळे घोड्याचा रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि घोडा दगावला तर त्याच्या किमतीएवढा. त्याच प्रकरणात युद्धानं, आजारानं किंवा म्हातारपणानं थकलेल्या घोड्यांना पोटापुरतं अन्न चालू ठेवावं, असंही आहे. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र रयतेला उपद्रव न देण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. त्यात घोड्यांविषयीही तितकंच कडक लिहिलं आहे. पावसाळ्याआधीच दाणावैरण उधळलीत आणि पुढे घोडी उपाशी मरू लागली, तर ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. घोडी दुष्काळानं मेली किंवा दैवानं मेली, ही सबब महाराजांनी आधीच काढून घेतली. जनावराच्या मरणाचं खापर ज्याच्या हाती व्यवस्था आहे त्याच्याच डोक्यावर फुटेल, हे त्यांनी हुकमात लिहून टाकलं.

या कसोटीवर आपलं अलीकडचं वर्तन तपासलं, तर मान खाली जाते. २०१५ साली माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरातून उघड झालं, की भारतीय सेनेत कामाला निरुपयोगी ठरलेल्या श्वानांना इंजेक्शन देऊन मारलं जात होतं. या श्वानांना लष्करी ठिकाणांची माहिती असते, त्यांना सांभाळायला जागा आणि खर्च लागतो, अशी कारणं तेव्हा पुढे आली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, सरकारनं ही प्रथा थांबवण्याची ग्वाही दिली. आता निवृत्त श्वान दत्तक दिले जातात, मेरठमध्ये त्यांच्या वृद्धत्वाची सोय आहे. अमेरिकेनं याहून मोठं ओझं वाहिलं आहे. व्हिएतनाममध्ये त्यांचे सुमारे ४,००० श्वान राबले, परत आले ते जेमतेम २००. निवृत्त लष्करी श्वान दत्तक देता येतील, असा कायदा तिथे २००० साली झाला.

ती सुई टोचणारा हात पशुवैद्याचाच होता, हे विसरून चालणार नाही.

इथे गांधीजींच्या साबरमती आश्रमातली १९२८ ची घटना आठवते. एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं आणि गुजरातभर गदारोळ उठला. अहिंसेच्या उपासकानं गोवंशातला जीव घेतला, म्हणून त्यांच्यावर संतप्त पत्रांचा पाऊस पडला. गांधीजी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. वासराचं दुःख संपवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि त्या कृतीत त्यांचा स्वतःचा कुठलाही लाभ नव्हता. त्या वासराला आणि निवृत्त श्वानाला एकाच औषधानं मरण आलं असेल. फरक एका प्रश्नात आहे: या सुईनं कुणाचा त्रास संपतो? वासराच्या वेळी वासराचा संपला. धडधाकट श्वानाच्या वेळी खात्याचा संपला. उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्याला हा प्रश्न पाठ असायला हवा, कारण लष्कराबाहेरही, शर्यतीच्या मैदानापासून गोठ्यापर्यंत, तो रोज समोर येतो.

याच पेशात निखळ सेवेच्या जागाही आहेत. दक्षिण सुदानमध्ये मलाकाल इथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या भारतीय पशुवैद्यकीय पथकानं स्थानिक पशुपालकांच्या गुराढोरांवर उपचार केले. तिथे गुरं हेच कुटुंबाचं धन, त्यामुळे गाय वाचली की घर वाचतं. गणवेश तोच, विद्या तीच आणि बरं झालेलं जनावर परत जातं ते स्वतःच्या कळपात. कॅप्टनचे तारे खांद्यावर असताना एकनाथांची वाट चालण्याची संधी मिळते, ती अशी.

दुसरीकडे यंत्रं पुढे सरकत आहेत. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात खडकीला झालेल्या सेनादिनाच्या संचलनात चार पायांची रोबोटिक खेचरं जवानांबरोबर चालली. डोंगरावरचं ओझं हळूहळू ड्रोन आणि यंत्रांकडे जाईल, खेचरांच्या तुकड्या कमी होतील. खेचराच्या बाजूनं पाहिलं तर ही आनंदाची गोष्ट आहे. वास घेणाऱ्या नाकाला मात्र तोडीचं यंत्र अजून निघालेलं नाही, तेव्हा श्वान राहतील. मेरठला आता कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमाभागातल्या मुधोळ जातीचे श्वानही तयार होतात. ज्या धनगर-शेतकऱ्यांनी ही जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांच्या दारातून हे पिल्लू सीमेवर जातं. त्याच्या पुढच्या आयुष्याविषयी मराठी समाजानं विचारणा करणं म्हणूनच साहजिक आहे.

आरव्हीसीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यानं पगार, हुद्दा, नेमणुकीची ठिकाणं यांची चौकशी जरूर करावी. त्याबरोबर आणखी दोन गोष्टींची खात्री स्वतःच्या मनाशी करून घ्यावी. वरिष्ठांसमोर ‘अनफिट’ लिहिताना आपला हात कापणार नाही ना, आणि निवृत्त झालेल्या जनावराचं पुढे काय होतं हे विचारत राहण्याची आपली तयारी आहे ना. अमेरिकेत ही गोष्ट कायद्यात आली. आपल्याकडचा बदल न्यायालयात दिलेल्या शब्दावर आणि लष्करी धोरणावर उभा आहे, आणि श्वानांबद्दल जेवढं बोललं गेलं तेवढं खेचरांबद्दल बोललं गेलेलं नाही. त्या जनावरांचं म्हातारपण कायद्यानं पक्कं व्हावं यासाठी बोलायला, ज्यांनी त्यांचे खूर उचलले आणि जखमा शिवल्या, त्यांच्याइतकं लायक दुसरं कुणी नाही. आणि पाच किंवा दहा वर्षांची नोकरी संपवून लातूर-साताऱ्याला परतलेल्या पशुवैद्यांना तर त्यासाठी कुणाची परवानगीही मागावी लागत नाही.